भीतीची हजेरी

सकाळी शेडचं शटर वर गेलं की सर आधी चहा मागत नसत, उदबत्ती लावत नसत, कालचं काम कुठवर आलं तेही विचारत नसत. चपला दाराबाहेर काढून, कापडी बूट चढवून ते आत येत, आम्हा सगळ्यांना मधल्या टेबलाभोवती उभं करत आणि विचारत, "बोला. आज कशाची भीती वाटतेय?"

प्रत्येकानं सांगायचं. "कशाची नाही" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी त्याला इंधनाला हात लावायला मिळत नसे, सर त्याच्या हातात झाडू देत. "सगळ्याचीच वाटते" हेही चालत नसे.

"सगळ्याची म्हणजे कशाचीच नाही," सर म्हणत. "भीतीला पत्ता पाहिजे. गल्ली, घर, मजला. पोस्टमननं जाऊन बेल वाजवली पाहिजे."

आमचा मेकॅनिक दत्ता हडपसरच्या पुढच्या गावातून मोटरसायकलनं यायचा. तो या हजेरीत मुरलेला होता. "सर, गाडी उचलायच्या लिफ्टची डावी पिन घासलीय. ती कधी सरकंल त्याची भीती हाय."

"शाब्बास. पिन बदला, मग चहा."

आमचं शेड वारज्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडला, एका नर्सरीच्या मागं. गाड्यांच्या इंजिनाला इंधन पोचवणारी जी यंत्रणा असते, तेवढंच काम तिथं व्हायचं. पंप, नळ्या, इंजेक्टर. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारी भोकं, वीज मिळाली की त्यातून फवारा उडतो. जिथं फवारा तिथं आग फार लांब नसते, त्यामुळे सरांचं विचारणं वेडेपणाचं नव्हतं. पण ते वेडं दिसायचं, हे खरं.

मी तिथं लागले त्याची गोष्ट सांगते. मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि पुण्याला आले. नवरा कोथरूडच्या एका सोसायटीत वॉचमन. त्याच सोसायटीत सर एकटे राहायचे. एकदा जाता जाता त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "अहो, आपल्या ओळखीत कुणी चांगलं घाबरट माणूस आहे का? कामाला पाहिजे."

नवरा हसत घरी आला. म्हणाला, "तुझ्यासाठीच जागा निघाली."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मला लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती, गॅस चालू राहिला असेल याची भीती. दुकानात तोंड उघडलं की माझं बोलणं ऐकून लोक वळून बघतील याचीही. पुण्यात आल्यापासून मी मुठी आवळूनच झोपायची. गावाकडं कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, देवाला सांग. इथं पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या घाबरण्यासाठी बोलावत होतं.

पहिल्या दिवशी सरांनी मला भर दुपारी अंगणात नेलं. उन्हात एक स्टीलची बशी ठेवली होती, तिच्यात पाण्यासारखं काहीतरी. त्यांनी लांब दांडीच्या लायटरनं बशीजवळ काहीतरी केलं आणि मागं झाले.

"काय दिसतंय?"

"काही नाही जी."

"नीट बघा."

"बशी दिसते. पाणी हाय त्यात."

त्यांनी कडुलिंबाची डहाळी घेतली आणि बशीवर धरली. पानं बघता बघता आकसली, काळी पडली आणि गळून गेली. ज्वाळ नव्हती, धूर नव्हता. वरची हवा तेवढी थरथरत होती, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. मग सरांनी चिमूटभर मीठ टाकलं, आणि बशीतून पिवळ्या जिभा वर आल्या. मी किंचाळून मागं पडले.

"हे इथेनॉल. उसाच्या मळीपासून करतात, आता गाड्यांतही घालतात. पेट्रोलची आग आरडाओरडा करत येते. हे गृहस्थ येतात तेव्हा उन्हात दिसतही नाहीत. एक बरं, पाण्यानं विझतात." त्यांनी बादली ओतली. "आता सांगा, कशाची भीती वाटतेय?"

"आग हाय आन् मी तिच्यात हात घालीन, याचं भेव लागते जी."

सरांनी चष्मा वर केला. "भेव. जवळचा शब्द आहे. उद्यापासून या."

माझं काम काचेच्या नळ्यांसमोर बसायचं. इंजेक्टर एका ओळीत लावायचे, त्यांतून तपासणीचं तेल सोडायचं आणि सगळ्या नळ्यांत ते सारखं चढतंय ना बघायचं. त्या टेबलावर इथेनॉलचा थेंबही आणायला सरांची सक्त मनाई होती. टेबलाला वीज होती, वर काच होती आणि समोर मी होते. ते जड, थंड, सहज न पेटणारं तेल मला फार आवडायचं. त्याच्यासमोर बसलं की मुठी सुटायच्या. एकदा सरांनी ते पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर कापसाची उशी होती.

ते सगळ्यांना अहो म्हणत. मला अहो, दत्ताला अहो, नर्सरीतल्या मांजरीला अहो. पंपांनाही. "हे पंप गृहस्थ आज नाराज आहेत," म्हणत. शेडमध्ये नायलॉन चालत नसे, आग लागली तर ते अंगाला चिकटतं म्हणून. त्यामुळे एखादं गिऱ्हाईक चकचकीत जॅकेट घालून आलं की सर त्याला दारातच म्हणत, "आपण आत या, जॅकेट बाहेर बसेल." कोथरूडहून ते बसनं येत. बस हायवेच्या पलीकडे थांबायची आणि रस्ता ओलांडायला सर रिक्षा करत.

रिक्षावाला म्हणायचा, "आजोबा, समोरच तर आहे."

"म्हणूनच. लांब असतं तर बसनंच गेलो असतो."

आणखी एक सवय होती. संध्याकाळी पाचला ते हातातलं काम थांबवत, खिडकीत ठेवलेल्या फोनकडं बघत, थोडा वेळ तसेच उभे राहत. फोन कधी वाजला नाही. मग "चला" म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. मी दत्ताला विचारलं होतं. तोही माझ्या थोडाच आधी लागलेला, त्यालाही माहीत नव्हतं.

आणि चिंध्या. इथेनॉलवर चालणारं कुठलंही इंजिन चालू करायच्या आधी सर जुन्या सुती कापडाच्या बोटभर पट्ट्या फाडत आणि इंजिनाच्या वर, नळ्यांजवळ, जिथं जिथं गळती होऊ शकेल तिथं लोंबत्या बांधत. आग दिसत नाही, पण कापड काळं पडताना दिसतं. "चिंधी वाकली की दोन्ही हात डोक्यावर," हा आमचा इशारा. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. नवी गिऱ्हाईकं त्या चिंध्यांना हसायची. एकानं विचारलं होतं, दृष्ट काढलीय का? सर म्हणाले, "नाही, लावून घेतोय."

तेजसची गाडी आली ती याच सगळ्यात. कोथरूडचाच मुलगा, स्वतःची आयटीतली नोकरी, तोंडात सारखं च्युइंगगम. त्याच्याकडं जुनी जपानी गाडी होती, तिच्यात रोटरी इंजिन. असल्या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण आत गोल फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना नखाएवढ्या जाड पट्ट्या असतात. सगळं त्या पट्ट्यांवर. वरून टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हवा कोंबली आणि तेवढ्यात इंधन क्षणभर कमी पडलं, तर आत स्फोट होतात, पट्टी तुटते आणि इंजिन गेलं.

"इथेनॉलवर करायचीय काका," तेजस म्हणाला. "थंड जळतं, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवता येतो. पॉवर एकदम डबल."

"काका आपल्या घरी. इथं सर म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका, ते जास्त आवडेल."

"ओके सर. मी पंप पण आणलाय." त्यानं डबा उघडला. खलबत्त्याएवढा मोठा पंप होता. "हा एकटाच पुरेल. नेटवर सगळे हाच लावतात."

सरांनी पंप हातात घेतला, वळवून पाहिला. मग अंगणातल्या झाडांना पाणी घालायच्या नळाला रबरी नळी लावून नळ पूर्ण सोडला. पाणी भसाभस आलं. "हे आपलं नेट," ते म्हणाले. मग नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी लांब उडालं, पण बादलीत पडायला लागलं निम्मं. "आणि हे आपलं इंजिन. टर्बो जितकी हवा कोंबेल तितका दाब पंपाला जास्त सोसावा लागतो, आणि दाब वाढला की पंप कमी देतो. डब्यावरचा आकडा मोकळ्या तोंडाचा आहे. आणि इथेनॉल लागतं पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट."

"मग अजून मोठा आणू?"

"एकच मोठा, आणि तो बंद पडला तर?"

तेजस हसला. "सर, तुम्ही खूप निगेटिव्ह विचार करता."

"पैसे त्याचेच मिळतात मला."

पुढचे कितीतरी दिवस आम्ही त्या गाडीसाठी इंजेक्टर आणि पंप निवडत होतो. मोठे इंजेक्टर लावावेत तर गाडी उभी असताना इंजिनाला घोटभरच लागतं, आणि मोठ्याला घोट देता येत नाही, तो ओततोच. मग इंजिन घुसमटतं. लहान लावावेत तर वर वेगात उपाशी मरतं. सरांनी दोन्ही घेतले. लहान इंजेक्टर नेहमीसाठी, मोठे टर्बोनं जोर धरल्यावर. "घरात चमचाही असतो आणि वाढायचा डावही," ते म्हणाले. मी काचेसमोर बसून एकेक इंजेक्टर तपासायची. ज्याची नळी केसभर मागं राहील तो बाजूला. एका मागं राहिलेल्या इंजेक्टरमुळे एक पट्टी तुटेल, हे माझ्या डोक्यात असं बसलं होतं की घरी भात वाढतानाही मी ताटांतले ढीग सारखे करायची.

पंप दोन मध्यम घेतले. दोघांना वेगळी वायर, वेगळा फ्यूज, डॅशबोर्डवर दोन वेगळे दिवे. सरांची भीती अशी की, दोनातला एक गुपचूप मेला तर गाडी रस्त्यावर छान चालत राहील, कुणाला कळणार नाही, आणि ज्या क्षणी जोर लागेल त्याच क्षणी कमी पडेल. म्हणून दाब उतरला की इंजिन आपोआप बंद पडेल, अशीही सोय केली. नळ्यांचे तुकडे इथेनॉलच्या बरणीत घालून अंगणात भिंतीच्या कडेला ठेवून दिले. काही फुगले, काही चिकट झाले, ते टाकून दिले. जे आहेत तसे राहिले तेच गाडीत गेले.

मला मात्र एकच भीती होती आणि ती पंपाची नव्हती. या इंजिनाच्या रचनेत इंजेक्टर वर आणि टर्बो बरोबर त्यांच्या खाली येतो. टर्बो तापला की लाल होतो. वरून एक थेंब पडला तर? आणि ज्या दिवशी गाडी जोरात चालवून बघायची, त्या दिवशी आत सरच बसणार होते. असल्या चाचणीला दुसऱ्या कुणाला ते बसू देत नसत. रोज हजेरीत मी तेच सांगायची. "सर आत असतील आणि थेंब पडेल."

"पत्ता बरोबर आहे," ते म्हणत. "पण घर रिकामं आहे हो. पुढं."

मला ते उत्तर तेव्हा कळलं नव्हतं.

चाचणी हडपसरच्या पुढं एका मोठ्या गॅरेजमध्ये होती. तिथं जमिनीत रोलर होते. गाडी त्यांच्यावर चढवून पट्ट्यांनी जखडतात आणि मग गाडी जागच्या जागी पूर्ण वेगात पळवता येते. आम्ही टेम्पोतून बादल्या नेल्या, तर तिथली माणसं हसली. "इथं नळ आहे की ओ."

दत्ता म्हणाला, "आमच्याकडं नळाचीबी भीती वाटती."

तिथंही सरांनी हजेरी घेतली. दत्तानं मागच्या पट्ट्यांची भीती सांगितली. तेजसलाही सांगायला लावलं, तो म्हणाला, "सर, चिल. एवढं काम केलंय आपण." सरांनी त्याच्या हातात झाडू दिला. त्यानं तो खरंच धरून ठेवला, बिचाऱ्यानं.

"बाई, आपली?"

"चिंध्या कमी हायत जी."

"मग बांधा."

फाडलेल्या पट्ट्या संपल्या होत्या. मी माझी जांभळ्या फुलांची सुती ओढणी फाडली आणि इंजेक्टरांच्या ओळीवर बांधत गेले. बांधता बांधता धीर करून विचारलं, "सर, तुमची?"

इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी आपली कधी सांगितली नव्हती. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"माझी नंतर," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

दुपारचं कडक ऊन शेडच्या उघड्या बाजूनं सरळ इंजिनावर पडत होतं. बॉनेट काढून ठेवलं होतं, समोर मोठा पंखा. मी डाव्या बाजूला बादल्यांजवळ उभी. काचेतून सरांचं तोंड दिसत होतं, चष्म्यावर उजेड. डॅशबोर्डवरचे दोन दिवे लागले. इंजिन सुरू झालं. रोटरीचा आवाज वेगळाच असतो, मधमाश्यांचं पोळं डब्यात घालून डबा हलवावा तसा.

पहिली फेरी नीट झाली. टर्बोनं जोर धरला, मोठे इंजेक्टर उघडले, दोन्ही दिवे जागच्या जागी. तेजस झाडू उंचावून नाचला. दुसऱ्या फेरीला बूस्ट वाढवला. आवाज असा की छातीत हाडं हलत होती. मी चिंध्यांवरून डोळे हलवत नव्हते. पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्या एका बाजूला उडत होत्या. त्यांतली एक, शेवटच्या इंजेक्टरजवळची, उडायची थांबली.

तिची कड आत वळली. जांभळं फूल तपकिरी झालं.

मला वाटलं तेल लागलं असेल. मला वाटलं सावली असेल. खोटं कशाला सांगू, मला वाटावं अशा किती गोष्टी त्या एका क्षणात मनात आल्या! ज्वाळ नव्हतीच. मग शेजारची चिंधी काळी पडली आणि गळाली, आणि तिच्यावरची हवा थरथरली. बशीवर थरथरली होती तशीच.

मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. ओरडलेही असेन, मला माझा आवाज ऐकू आला नाही. सरांनी काचेतून सरळ माझ्याकडं पाहिलं. डॅशबोर्डवरचे दोन दिवे विझले, इंजिनाचा आवाज खाली आला. त्यांनी इशारा पाहिला होता, सगळं बरोबर बंद केलं होतं.

पण ते उतरेनात.

दत्ता मागून धावत आला. तेजस पुढं घुसला आणि इंजिनावर वाकायला लागला. "कुठंय आग? काय पण, काही दिसत नाहीये!" दत्तानं त्याची कॉलर धरून त्याला मागं फेकला. सर आत बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सिग्नलला थांबलेला माणूस बसतो तसे. मी पहिली बादली ओतली. वाफेचा लोट उठला, चर्र आवाज झाला. मी काचेवर थापा मारल्या. "सर, उतरा! सर!"

मग ते उतरले. सावकाश, दार नीट लावून. गाडीला वळसा घालून पुढं आले आणि इंजेक्टरांच्या ओळीवर, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, पालथा हात धरला. शेकोटीवर धरतात तसा.

मी पहिल्या दिवशी जे भेव सांगितलं होतं ते माझ्या हाताचं होतं. हात सरांचा निघाला.

त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस एकदम नाहीसे झाले. कातडी चमकली. ते हात काढेनात. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती, नुसतं काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत असल्यासारखं दिसत होते. मी दुसरी बादली त्यांच्या अंगावर ओतली. सगळीच. तिसरी दत्तानं इंजिनावर. मग मी माझ्यापेक्षा वयानं आणि मानानं इतक्या मोठ्या माणसाचा दंड धरला आणि त्यांना ओढत उन्हात नेलं. ते ओलेचिंब, चष्म्यावरून पाणी गळतंय, आणि मला म्हणाले, "आपण बरोबर केलंत."

इंजिन वाचलं. आमचे पंप, आमचे इंजेक्टर, कशातच खोट निघाली नाही. तेजस त्यानंतर फार बोलला नाही. डॉक्टरकडं सरांना त्यानंच नेलं, स्वतःच्या आईला न्यावं तसं हळू गाडी चालवत.

दुसऱ्या दिवशी आम्हाला वाटलं सर येणार नाहीत. ते आले. हाताला बँडेज. पण आत आले नाहीत. इंधनाच्या कामाच्या जागेभोवती आम्ही पिवळी पट्टी आखली होती, तिच्या बाहेर स्टूल घेऊन बसले.

दत्तानं तो शेवटचा इंजेक्टर काढून आणला होता. त्याच्या गळ्यात रबराची बारीक कडी असते, इंजेक्टर बसतो तिथून इंधन गळू नये म्हणून. ती कडी फुगून, मऊ होऊन, भिजलेल्या साबुदाण्यासारखी झाली होती. नखानं दाबली तर तुटली. दुकानदारानं इथेनॉलला चालते म्हणून दिलेली.

सरांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

"नळ्या आपण बरणीत भिजवल्या," ते म्हणाले. "इंजेक्टर तेलावर तपासले, टेबलाशी आग नको म्हणून. ही कडी इंजेक्टरच्या गळ्यात होती, त्यामुळे ती त्याच्याबरोबर तेलाकडं गेली. तेलात हिला काहीच होत नाही. बरणीत जायला हवी होती. दोन भीतींच्या मधल्या फटीत पडली."

"चूक सगळ्यांचीच की," दत्ता म्हणाला.

"नाही. खरी भीती असती तर कडीपर्यंत पोचली असती. सवयीनं घाबरलो मी, म्हणून टेबलापाशीच थांबलो."

बाहेर नर्सरीत कुणीतरी पाणी मारत होतं. मग दत्तानं, जो कधी सरांच्या नजरेला नजर देत नसे त्यानं, टेबलाजवळ उभं राहून विचारलं, "सर, हजेरी ऱ्हायलीय. आज तुमची सांगा."

सरांनी खिडकीतल्या फोनकडं बघितलं.

"पाच वाजता फोन यायचा," ते म्हणाले. "आमच्या हिचा, घरून. 'निघालात का?' एवढंच. दिवसभर जे काही घाबरायचो ते त्या फोनला उत्तर देता यावं म्हणून. आपण कामाला लागलात, बाई, त्याच्या आधीच्या दिवाळीत ती गेली. त्यानंतर मी पाहिलं, रिक्षा करतोय, चिंध्या बांधतोय, सगळं करतोय, पण आत काही वाजत नाही. मग सकाळी आपल्या सगळ्यांना विचारायला लागलो. उसनी घेतली. आपली भीती ऐकून मी बंदोबस्त करायचो. बरी चालली होती."

"काल गाडीत..." मी म्हणाले.

"काल गाडीत मला वाटलं, आता भीती येईल. आग समोर आहे, आता तरी येईल. बसून राहिलो, आली नाही. हात घालून पाहिला. दुखलं. पण भीती आली नाही." ते उठले. "ज्याला भीती वाटत नाही त्यानं या पट्टीच्या आत यायचं नाही. नियम माझाच आहे. आतलं आजपासून आपण बघा, बाई."

"मी? मी आठवी शिकलेली जी. मला काय येतं? मला तर सगळ्याचं भेव लागते."

"कडीचं?"

मी त्या तुटक्या कडीकडं पाहिलं. रात्रभर तीच डोळ्यांसमोर होती, आणि उरलेल्या सगळ्या इंजेक्टरांच्या गळ्यातल्या, शिवाय कपाटात पडलेल्या पाकिटातल्याही.

"होय जी. पाकिटातल्या सगळ्या कड्या आधी बरणीत टाकाव्या लागतील."

"मग येतं आपल्याला."

ते गेले. आम्ही सगळे दारापर्यंत आलो. रिक्षा उभी होती. सरांनी तिच्याकडं बघितलंही नाही. बँडेजचा हात खिशात घालून ते सरळ हायवेत उतरले आणि ट्रकांच्या मधून, कुठं न थांबता, न धावता, पलीकडं गेले. एका ट्रकनं केवढा हॉर्न दिला! दत्तानं डोळे मिटून घेतले होते. मी मिटले नाहीत. कुणीतरी बघत राहायला हवं होतं.

आता सकाळची हजेरी मी घेते. आवाज अजून कापतो. नवीन माणसाला उन्हात नेऊन बशी दाखवते, मीठ टाकते, आणि दरवेळी मीच आधी दचकते. तपासणीच्या तेलाचं टेबल तसंच आहे, अंगणात भिंतीच्या कडेला बरण्यांची एक रांग वाढलीय. कुठलाही भाग आला की तो मी मनातल्या मनात सुटा करते, आणि जे जे सुटं होतं ते बरणीत जातं. दत्ता म्हणतो, वहिनी एखाद्या दिवशी गिऱ्हाईकाला बरणीत घालतील. संध्याकाळी पाचला मी सरांच्या घरी फोन लावते. "जेवणाचं काय केलंत?" एवढंच विचारते. ते म्हणतात, "अहो, पाच वाजता कोण जेवतं?" आणि ठेवून देतात. पण उचलतात.

मागच्या आठवड्यात ते अचानक शेडवर आले. मी काचेसमोर होते. कुणी हाक मारली म्हणून वर बघितलं तर दारात सर. हाताची कातडी गुलाबी, तुकतुकीत. पलीकडं बस जात होती आणि अलीकडं रिक्षा नव्हती, म्हणजे चालतच ओलांडून आले होते. पट्टीच्या आत एक इंजिन इथेनॉलवर सावकाश चालू होतं, चिंध्या हलत होत्या. ते चालत पिवळ्या पट्टीपर्यंत आले. बुटांची टोकं पट्टीला टेकली. चिंध्यांवरून नजर फिरवत त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "बोला. आज कशाची?"

माझ्या मुठी आवळल्या गेल्या. या माणसानं मला पुण्यात उभं केलं होतं. मग मला आठवलं की इथं फक्त खरं आणि नेमकं चालतं.

"तुम्ही आत याल, याचं."

सरांनी खाली पट्टीकडं पाहिलं. एक पाऊल मागं घेतलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"पत्ता बरोबर आहे," ते म्हणाले, आणि दत्ताला म्हणाले, "अहो, मला जरा पलीकडं जायला रिक्षा बघता का?"